थोरली पाती, धाकटी पाती

शिक्षकाला उन्हाळ्याची सुट्टी असते, असा एक समज समाजात रूढ आहे. तो अगदीच खोटा नाही. परंतु सुट्टीत गावी जाताना शिक्षकपण घरी खुंटीला टांगून ठेवता येत नाही, ही गोष्ट त्या समजात धरलेली नसते. जेथे जावे तेथे कोणाचे ना कोणाचे चुकलेले गणित पुढे येते, आणि आमच्यासारखा कला शाखेचा पदवीधरसुद्धा ते सोडविण्याच्या आवेशाने पुढे सरसावतो. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही देवासला गेलो होतो, तेव्हा असेच घडले. फरक इतकाच, की त्या वेळी चुकलेले गणित आमचेच निघाले.

देवासला आमची थोरली बहीण दिली आहे. तिच्या सासरचे घराणे पवारांच्या पदरी चाकरीला म्हणून माळव्यात आले आणि तेथेच रुजले. त्यांची मराठी आपल्या मराठीहून थोडी निराळी आहे. तिला हिंदीची कड लागलेली आहे, आणि घरात येणाऱ्या भाजीवालीची माळवी बोलीही तिच्यात अधूनमधून मिसळते. आमच्या घरची भाषा तर कोंकणी. बहिणीच्या लग्नानंतर आमची आई पहिल्यानेच देवासला गेली, तेव्हाची हकीकत आमच्या दोन्ही घरांत अजून सांगितली जाते. प्रवासाने दमून गेलेली आई ओसरीवर टेकली आणि म्हणाली, "म्हाका उदक जाय." कोंकणीत याचा अर्थ एवढाच, की मला पाणी हवे आहे. परंतु मराठीत उदक हे संकल्पाला लागते किंवा एखाद्या वस्तूवर कायमचे सोडावे लागते; आणि 'जाय' म्हणजे तर जाणे. विहीणबाई आल्या आल्या कशावर उदक सोडून निघाल्या, हे कळेना म्हणून सारी मंडळी घाबरली. अखेर बहीण स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्या दिवसापासून आई देवासला असेपर्यंत बहिणीने दुभाष्याचे काम केले. ही गोष्ट येथे उगाच सांगितलेली नाही. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आमची भाची त्या वर्षी बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. तिला चित्रकलेच्या महाविद्यालयात जावयाचे होते. वडिलांच्या, म्हणजे आमच्या मेहुण्यांच्या मनात तिने वाणिज्य शाखा घ्यावी असे होते. इंदूरच्या एका कलामहाविद्यालयाने प्रवेशासाठी पाच चित्रे मागविली होती, आणि ती २० मेपर्यंत पोहोचावयाची होती. चित्रे निवडली गेली तर चित्रकला, नाही तर वाणिज्य, असा पितापुत्रींमध्ये करार झालेला होता. चार चित्रे कागदावरची होती व ती तयार होती. पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे चित्र ती संगणकावर काढीत होती. परीक्षा संपल्यापासून रोज चार-पाच तास ती त्या एका चित्रावर बसत असे.

तो लॅपटॉप आमचा. २०१८ साली आम्ही तो घेतला, चार वर्षे वापरला, आणि २०२२ मध्ये मोठ्या मामाच्या थाटात भाचीला देऊन टाकला. वापरलेली वस्तू दान करणाऱ्याला दातृत्वाचे समाधान जरा अधिकच मिळते, असा आमचा अनुभव आहे.

चित्राचा विषय धारचा होता. धार येथे लाट मशिदीच्या आवारात एका लोहस्तंभाचे तीन तुकडे आडवे ठेवलेले आहेत. तिन्ही मिळून लांबी सुमारे ४३ फूट भरते. हा स्तंभ राजा भोजाच्या काळचा, म्हणजे अकराव्या शतकातला मानला जातो. गुजरातच्या बहादूरशहाने तो नेण्याचा प्रयत्न केला आणि त्या खटाटोपात तो पडून मोडला, असे जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. मशीद १४०५ मधली. स्तंभ मोडका असूनही तिला आजतागायत नाव त्या लाटेचेच. भाचीच्या चित्रात त्या तीन तुकड्यांजवळ एक मुलगी बसली आहे आणि ती तुकडे मनातल्या मनात जुळवून पाहते आहे, अशी कल्पना होती. लोखंडाचा रंग तिला साधत नव्हता. म्हणून ८ मे रोजी आम्ही दोघे इंदूरवरून एस. टी. सारख्या एका खासगी गाडीने धारला गेलो. देवासपासून धार सुमारे शंभर किलोमीटर. ऊन असे, की वहीचा कागद हाताला तापलेला लागे. तिने तेथे दोन तास बसून लोखंडाच्या तांबूस काळ्या रंगाच्या सात-आठ छटा कागदावर उतरवून घेतल्या. आम्ही सावली शोधत फिरलो.

धारला गेल्यावर मराठी माणसाने शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांची आठवण काढल्यावाचून परतू नये. हे वसईचे. मुंबईत गिरगाव चौपाटीवर उभा असलेला लोकमान्यांचा पुतळा त्यांच्याच हातचा. पुढे धारच्या महाराजांच्या आश्रयाने ते तेथे आले आणि तेथलेच होऊन राहिले. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोंकणपट्टीतून माळव्यात येऊन माती आणि दगड यांना आकार देणाऱ्या या माणसाविषयी आम्ही भाचीला परतीच्या वाटेवर बरेच ऐकविले. तिने शांतपणे ऐकून घेतले. नंतर विचारले, "मामा, मातीचा पुतळा करताना मधेच कोसळत असेल का हो?" आम्ही म्हणालो, आत लोखंडी सांगाडा असतो, सहसा कोसळत नाही. ती म्हणाली, "माझं चित्र कोसळतं."

तेव्हा आम्हांला कळले, की गेल्या पंधरा-वीस दिवसांपासून तिच्या लॅपटॉपला एक रोग जडला आहे. चित्र काढता काढता पडदा क्षणभर काळा होई, एकदा लुकलुके, आणि चित्रकलेचा कार्यक्रम नाहीसा होई. मागे कोऱ्या पडद्यावर विंडोजची एक सूचना दिसे: पडद्याचा ड्रायव्हर उत्तर देईनासा झाला होता, तो पुन्हा सुरू केला आहे. मधल्या वेळात केलेले काम गेलेले असे. दर काही मिनिटांनी आपोआप जतन होण्याची सोय त्या कार्यक्रमात होती, म्हणून सर्वच जात नसे. पण रंगाच्या कामात पाच मिनिटे म्हणजे काय, हे ज्याने हातात कुंचला धरला आहे त्यालाच ठाऊक. जमून आलेली छटा पुन्हा तशीच जमत नाही.

तो कार्यक्रम म्हणजे 'क्रिता'. चित्रे काढण्यासाठी हा जगभर वापरला जातो, आणि तो निःशुल्क आहे. त्याची मूळ संहिताही सर्वांना खुली असते. नाव स्वीडिश भाषेतील खडू या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. आपल्या कानाला मात्र ते संस्कृत 'कृत'च वाटते. २००५ मध्ये तो प्रथम लोकांच्या हाती आला. भाचीजवळ २०२३ मध्ये निघालेली त्याची ५.२ ही आवृत्ती होती.

देवासला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. हातपाय धुऊन आम्ही लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि चित्र उघडले. त्यात सत्तेचाळीस थर होते. ज्यांना हे चित्रतंत्र परिचित नाही त्यांच्यासाठी सांगतो: संगणकावर चित्रकार एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसे थर ठेवतो. रेखाटन एका थरावर, आकाश दुसऱ्यावर, मुलीचे केस तिसऱ्यावर. म्हणजे आकाश बदलावयाचे तर केसांना धक्का लागत नाही. सत्तेचाळीस हा आकडा पाहताच आम्हांला निदान सापडले. आम्ही आवाजात शाळेतली जरब आणून म्हणालो, की एवढे ओझे लादल्यावर बैलसुद्धा बसकण मारील. हे यंत्र तर बिचारे जुने. शिस्त नाही, नियोजन नाही! आताच्या आता थर एकत्र कर आणि बारावर आण.

तिने मान खाली घातली. "मामा, रेखाटनाचा थर ठेवू का वेगळा?" तिने एकदाच विचारले. आम्ही नको म्हणालो. तिने अर्ध्या तासात थर एकमेकांत मिसळले. आकाश, मशिदीची भिंत आणि रेखाटन एकजीव झाले. मेहुणे दाराशी उभे राहून पाहत होते. ते काही बोलले नाहीत, पण संगणकावरच्या चित्राविषयीचे त्यांचे मत आमच्या व्याख्यानाने पक्के झाले असावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामाला बसली. पंचवीस मिनिटांनी पडदा काळा झाला, लुकलुकला आणि कार्यक्रम नाहीसा झाला. थर बारा होते.

त्या दिवशी जेवताना कोणी फारसे बोलले नाही. आमची बहीण वाढताना आमच्याकडे पाहत नव्हती. वर्गात एखाद्या मुलाला विनाकारण शिक्षा करावी आणि खरा अपराधी दुसराच निघावा, अशी वेळ प्रत्येक शिक्षकावर कधी ना कधी येते. तेथे निदान अपराधी सापडलेला असतो. येथे तोही नव्हता.

बहिणीचे सासरे, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते, देवासच्या बँक नोट प्रेसमधून निवृत्त झालेले आहेत. १९७० नंतरच्या दशकात हा नोटांचा छापखाना देवासला निघाला, आणि शाईचा कारखानाही त्याला जोडूनच आहे. छापण्याच्या कामात जन्म गेल्यामुळे अण्णांना यंत्राच्या रोगाची एक वेगळीच जाण आहे. दुपारी आम्ही पडवीत हिरमुसले होऊन बसलो असता ते म्हणाले, "मास्तर, यंत्र बिघडलं की आधी हे विचारावं, की ते नेमकं काय करत असताना बिघडतं? किती काम होतं हे नंतर."

हे आम्हांला का सुचले नाही? आम्ही भाचीला बोलावले आणि विचारले. तिने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले: रंग भरताना नाही. चित्र फिरवून तिरपे केले की, एकदम मोठे करून पाहिले की, किंवा फार मोठा ब्रश झरझर फिरवला की. हे तिला पंधरा दिवसांपासून ठाऊक होते. तिला कोणी विचारलेच नव्हते.

मग आम्ही दोघांनी मिळून तपास सुरू केला. प्रथम टास्क मॅनेजर उघडून ठेवले व चित्र फिरविले. कार्यक्रम कोसळला त्या क्षणी स्मृतीचा निम्मा भागसुद्धा वापरलेला नव्हता. ओझ्याने यंत्र बसते तेव्हा ते आधी मंदावते, धापा टाकते. हे तर धावता धावता एकाएकी पडत होते. म्हणजे ओझ्याचा सिद्धान्त गेला. त्यानंतर क्रिताच्या मांडणीत, पडदा या सदराखाली, चित्रफलकासाठी ग्राफिक्सचे साह्य घ्यावे की न घ्यावे असा पर्याय असतो, तो भाचीने बंद केला. आता चित्र कितीही फिरविले तरी कार्यक्रम कोसळेना! परंतु ब्रश हाताच्या मागे चार बोटे राहू लागला. अशा संथ फलकावर चित्र काढणे म्हणजे दुसऱ्याच्या हाताने सही करण्यासारखे. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली. रोग चित्रात नव्हता, थरांत नव्हता, क्रितातही नव्हता. तो पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या यंत्रणेत होता.

येथे 'ड्रायव्हर' म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. हा शब्द ऐकून आमच्या बहिणीने "लॅपटॉपला ड्रायव्हर कशाला?" असे विचारले होते. लॅपटॉपमध्ये पडद्यावरील चित्रे तयार करण्यासाठी एक वेगळा ग्राफिक्सचा चिप असतो. त्याची भाषा त्याची त्यालाच कळते. क्रितासारखा कार्यक्रम त्या भाषेत बोलत नाही. तो ओपनजीएल किंवा डायरेक्टथ्रीडी यांसारख्या एका ठरलेल्या प्रमाण भाषेत बोलतो. ओपनजीएल १९९२ पासून चालत आलेली आहे, आणि चिप कोणत्याही कारखान्याचा असो, कार्यक्रम लिहिणाऱ्याला एकच भाषा पुरावी हा तिचा हेतू. या प्रमाण भाषेतले वाक्य चिपच्या बोलीत उतरवून देणारा जो मजकूर, तोच ड्रायव्हर. गाडी हाकणारा नव्हे, दुभाष्या. आम्ही बहिणीला म्हणालो, आई देवासला आली तेव्हा तू जे केलेस ते. बहिणीला तत्काळ समजले.

आता असे पाहा. २०२३ चा कार्यक्रम नव्या धाटणीची वाक्ये बोलतो. मध्ये बसलेला दुभाष्या मात्र २०१८ साली जेवढी भाषा शिकला तेवढ्यावरच थांबलेला. साधी वाक्ये तो बरोबर पोहोचवितो, म्हणून रंग भरताना काही होत नाही. परंतु फलक फिरविण्याचे अवघड वाक्य आले की तो अडखळतो. चिप नुसताच थांबून राहतो. विंडोज साधारण दोन सेकंद वाट पाहते, आणि तोवर उत्तर आले नाही तर दुभाष्याला उठवून पुन्हा खुर्चीत बसविते. पडदा लुकलुकतो तो हाच क्षण. विंडोज सावरते, पण ज्याचे बोलणे अर्धवट तुटले तो कार्यक्रम बहुधा सावरत नाही.

दुभाष्या २०१८ लाच का थांबला, हे शोधावयास आम्हांला फार दूर जावे लागले नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरची तारीख पाहिली, ती लॅपटॉप घेतला त्या वर्षाची होती. 'नवा ड्रायव्हर शोध' असे सांगितले, तर विंडोजने उत्तर दिले की सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच बसविलेला आहे. कसा सापडणार? ज्या खिडकीतून ते बाहेर पाहणार, ती २०१९ मध्ये आम्हीच आपल्या हाताने बंद करून टाकली होती. त्या वेळी आमच्या गावी पावसाळ्यात नेट जेमतेम येई. एकदा निकालपत्रके छापण्याच्या ऐन दिवशी लॅपटॉपने अद्ययावत होण्यास सुरुवात केली आणि आमचे तीन तास गेले. रागाच्या भरात एका जाणत्या मित्राकडून विंडोजची ती सेवाच आम्ही बंद करवून घेतली. ती पुन्हा सुरू करावयाची विसरलो. तशा अवस्थेत लॅपटॉप भाचीला दिला, आणि दातृत्वाचे समाधान घेतले.

हे आम्ही भाचीला त्याच वेळी सांगावयास हवे होते. सांगितले नाही. "बघू या," असे काहीतरी पुटपुटलो.

ती सेवा सुरू केली आणि रात्रभर लॅपटॉप नेटला जोडून ठेवला. तत्पूर्वी भाचीने एक शहाणपणा केला: यंत्राची त्या घटकेची सारी मांडणी परत आणता यावी म्हणून विंडोजमध्ये एक पुनःस्थापन बिंदू करून ठेवला. दुसऱ्या दिवशी ग्राफिक्सचा चिप बनविणाऱ्या कारखान्याच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर उतरवून घेतला. तो काही शेकडो मेगाबाइटचा होता. शेजाऱ्यांच्या नेटवर दुपार गेली. तो बसविला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, चित्र फिरविले, आणि पडदा काळा झाला.

त्या संध्याकाळी आम्ही माता टेकडीवर फिरावयास गेलो. ही देवासची चामुंडा मातेची टेकडी. १९२१ मध्ये ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार देवासच्या महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून येथे राहिला, आणि पुढे १९५३ मध्ये त्याने या दिवसांवर पुस्तक प्रसिद्ध केले त्याला नाव या टेकडीचेच दिले. खाली गाव पसरलेले दिसत होते. अण्णांनी लहानपणी ऐकलेली हकीकत भाचीला आम्ही पुन्हा सांगू लागलो, की या एका गावात एके काळी दोन राज्ये होती. अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार बंधूंनी देवास मिळविले, आणि त्यांच्या वंशांत ते थोरली पाती व धाकटी पाती असे वाटले गेले. गाव एक, राजे दोन, दरबार दोन, कारभारी दोन. रस्त्याच्या एका बाजूचे घर थोरल्या पातीत तर समोरचे धाकट्या. १९४८ मध्ये दोन्ही संस्थाने मध्यभारतात विलीन होईपर्यंत हा प्रकार चालला होता. एका पातीच्या कचेरीत दिलेल्या अर्जाचा दुसऱ्या पातीत काय उपयोग, असे आम्ही म्हणालो मात्र, भाची चालता चालता थबकली.

"मामा, तिथे दोन नावं होती."

आम्हांला काही कळेना.

"डिव्हाइस मॅनेजरमध्ये. ग्राफिक्सच्या खाली दोन नावं होती. आपण एकाचाच ड्रायव्हर बदलला."

टेकडी उतरताना ती आमच्या पुष्कळ पुढे होती.

तिचे खरे होते. बऱ्याच लॅपटॉपांत ग्राफिक्सची दोन राज्ये असतात. एक मुख्य प्रोसेसरमध्येच वसलेले, कमी विजेत भागविणारे; दुसरे स्वतंत्र, अधिक बलवान, जड खेळ किंवा त्रिमित चित्रांसाठी. कोणता कार्यक्रम कोणत्या राज्यात राहील, हे बहुधा यंत्र आपले आपणच ठरविते. क्रिताच्या साह्य या यादीत 'दोष कळविण्यासाठी यंत्राची माहिती' अशा अर्थाचा एक पर्याय आहे. तो उघडताच चित्रफलक कोणाच्या हुकमाखाली आहे त्याचे नाव तेथे स्वच्छ लिहिलेले आढळले. आम्ही दुपारभर खपून ड्रायव्हर बदलला होता तो स्वतंत्र चिपचा. क्रिताचा कारभार चालला होता प्रोसेसरमधल्या चिपवर, आणि त्याचा दुभाष्या अजून २०१८ सालचाच होता.

या दुसऱ्या चिपचा नवा ड्रायव्हर आणला, तर तो बसेना. या लॅपटॉपच्या निर्मात्याने आपल्या यंत्रासाठी खास फेरफार केलेला ड्रायव्हर वापरावा, अशा आशयाची सूचना आली. येथे आम्हांला पुन्हा धारची आठवण झाली. राजा भोजाच्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात यंत्रविधानावर एक अध्याय आहे. त्यात यंत्रांची घडण सविस्तर न सांगण्याचे कारण अज्ञान नसून गुप्तता आहे, असे ग्रंथकाराने स्पष्ट म्हटले आहे. हजार वर्षांनी यंत्रे बदलली, पण यंत्रे करणाऱ्यांचा स्वभाव फारसा बदललेला दिसत नाही. अखेर लॅपटॉप पालथा करून, खालच्या चिठ्ठीवरचा बारीक क्रमांक अण्णांच्या भिंगातून वाचला, आणि तो क्रमांक घालून निर्मात्याच्या संकेतस्थळावर शोध घेतला. तेथे २०२१ चा ड्रायव्हर मिळाला. त्यापुढे त्या जातीच्या लॅपटॉपसाठी नवे काही निघालेले नव्हते. पण तीन वर्षांनी पुढचा दुभाष्या होता.

तो बसविताना पडदा पूर्ण काळा झाला आणि काळाच राहिला. अशा वेळी अर्ध्यावर बटण दाबून यंत्र बंद करावयाचे नसते, हे आम्हांला ठाऊक होते. तरी हात दोनदा बटणाकडे गेला. भाचीने तो बाजूला सारला. मिनिटभराने पडदा उजळला. यंत्र पुन्हा सुरू केले, क्रिता उघडले, ग्राफिक्सचे साह्य पूर्ववत चालू केले. भाचीने चित्र फिरविले. मोठे केले. उलटे केले. सर्वांत मोठा ब्रश घेऊन एका कोऱ्या थरावर पाच मिनिटे नुसती घासघास केली. अर्धा तास गेला. मेहुणे बाहेरून आले आणि चपला न काढताच दाराशी उभे राहून पाहू लागले. काही कोसळले नाही. (हा उपाय लागू पडला नसता तर आणखी एक मार्ग शिल्लक होता: विंडोजच्या पडद्याच्या मांडणीत जाऊन क्रिताला धाकट्या पातीतून उचलून थोरलीत नेणे, म्हणजे त्याने स्वतंत्र चिपच वापरावा असे बजावणे. तो आजमावण्याची गरज पडली नाही.)

आता उरला आमचा हिशेब. त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही सर्वांच्या देखत भाचीला सांगितले, की दोष तुझ्या थरांचा नव्हता. २०१९ साली खिडकी आम्ही बंद केली होती, आणि तू न केलेल्या चुकीसाठी आम्ही तुला बोललो. शिवाय आमच्या हुकमावरून तू चित्राचे थर मिसळलेस, ते आता सुटे होणार नाहीत. आकाशाचा रंग तुला बदलावयाचा होता तो राहिला. क्रिता जतन करताना मागची एक प्रत ठेवते खरे, पण त्यानंतर चित्र इतक्या वेळा जतन झाले होते, की तीही मिसळलेलीच होती. हे बोलताना घसा कोरडा पडला. वर्गात चाळीस मुलांपुढे बोलण्याची सवय अशा वेळी काही कामास येत नाही.

भाची उठून आत गेली. आम्हांला वाटले, रडावयास गेली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात एक पेन ड्राइव्ह होता. धारहून आलो त्या रात्री, थर मिसळण्यापूर्वी, तिने चित्राची प्रत त्यावर काढून ठेवली होती. सत्तेचाळीसही थर जागच्या जागी होते.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" आम्ही विचारले.

"तुम्ही इतके चिडला होता," ती म्हणाली, "आणि मामांना कसं सांगायचं, की तुमच्यावर भरवसा नाही म्हणून?"

अण्णा एवढे हसले, की त्यांना ठसका लागला.

पुढचे सात दिवस ती त्या चित्रावर बसली. आकाश तिने तीनदा बदलले आणि शेवटी जवळजवळ कोरेच ठेवले. चित्र १९ मे रोजी गेले. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आमची शाळा उघडली होती, पाऊस लागला होता, आणि वर्गातल्या गोंगाटात बहिणीचा फोन आला, की भाचीला इंदूरला प्रवेश मिळाला. मेहुण्यांनी स्वतः जाऊन फी भरली होती.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला विंडोज १० ला मिळणारी नेहमीची अद्ययावतीकरणे बंद झाली. भाचीचा फोन आला, की मामा, आता काय करू? यंत्र जुने आहे, विंडोज ११ त्यावर बसावयाचे नाही. आम्ही तोंड उघडले होते. मग मिटले, आणि तिलाच विचारले, तुला काय वाटते? तिने सांगितले, की तिने लिनक्स बसविण्याची तयारी केली आहे, दोन्ही चिपांचे ड्रायव्हर आधीच तपासून पाहिले आहेत, आणि सर्व चित्रांच्या प्रती पेन ड्राइव्हवर काढून तो पेन ड्राइव्ह अण्णांच्या कपाटात ठेवला आहे.